मोगऱ्यात व्हॅनिला

साळूबाई पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या काखेत झेंडूची रिकामी पाटी होती, आणि त्यांनी वॉचमनला एकच प्रश्न विचारला होता, "हितं केक कोण वाटतं?"

वॉचमनने त्यांना माझ्याकडे पाठवलं. ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही ती प्रयोगशाळेकडे पाठवायची, अशी त्याची पद्धत होती.

ही १९९७ च्या श्रावणातली गोष्ट. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना होता. अगरबत्तीवाल्यांना आणि साबणवाल्यांना लागणारी सुगंधी मिश्रणं आम्ही करायचो. मालक कुंदनशेठ, केमिस्ट मी, आणि अकरा कामगार. त्यांपैकी वजनाच्या खोलीत बसणारी सुवर्णा ही साळूबाईंची सून. मखमलाबादला त्यांची फुलशेती होती, झेंडू, शेवंती, बांधाला थोडा मोगरा. साळूबाई तीस वर्षं पंचवटीत फुलं विकत होत्या.

"माझी सून मोगऱ्याचा सेंट बनवते म्हणती," त्या म्हणाल्या. "मग तिच्या अंगाला केकचा वास का येतो?"

"कधी येतो?" मी विचारलं.

"रोजच येतो थोडा. सोमवारी लय येतो. श्रावणी सोमवार, सगळ्या घराला उपास, आन् ही दारातून आत आली की बेकरी आत आल्यागत. बाई, आमच्या घरात अंडं येत नाय. माझ्या सासूच्या काळापासून नाय." त्यांनी पाटी खाली ठेवली. "उद्यापासून ती कामाला यायची नाय. न सांगता सोडली असं तुम्ही म्हणू नये, म्हणून सांगायला आले."

काचेपलीकडे सुवर्णा तराजूसमोर बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या हातातला चमचा तराजूच्या वर तसाच थांबला.

दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. दहा मिलिग्रॅमपर्यंत न सांडता वजन करणारा हात कारखान्यात एकच होता, आणि तो तिचा. पण माझ्यापेक्षा तिचंच जास्त जाणार होतं. बारावी सायन्सला तिला एकोणसत्तर टक्के होते आणि त्या टक्क्यांचं पुढे काहीच झालं नव्हतं. एकदा ती मला म्हणाली होती, "मॅडम, इथे मला सगळे सुवर्णा म्हणतात. घरी मी 'अगं ए'."

मी साळूबाईंना स्टूल दिलं आणि समजावून सांगायला लागले.

केकला येतो तो वास व्हॅनिलाचा. त्याची पांढरी पावडर मिळते, व्हॅनिलिन. आइस्क्रीम, कस्टर्ड, बिस्किटं, सगळीकडे तीच. पण सुगंधाच्या धंद्यातही तिच्यावाचून चालत नाही. चंदनात घातली की चंदन मऊ होतं, गुलाबात घातली की गुलाबाची धार कमी होते, आणि मुख्य म्हणजे ती उडून जात नाही. सुवर्णा दिवसभरात तीसेक जिन्नस मोजते. त्यातलं लिंबाचं तेल सातपूरच्या बसथांब्यावरच उडून जातं. लॅव्हेंडर त्र्यंबक नाक्यापर्यंत टिकतं. गुलाब फार तर रविवार कारंजापर्यंत. मखमलाबादला उतरेपर्यंत तिच्या अंगावर उरते ती फक्त व्हॅनिला.

"आन् सोमवारीच लय का?"

"सोमवारी मोगऱ्याचं काम असतं. पावडर जास्त लागते. शिवाय तुम्ही उपाशी असता. उपाशी माणसाचं नाक जास्त तिखट होतं."

त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. मी वास घ्यायच्या कागदी पट्ट्या काढल्या आणि एक गुलाबात बुडवून त्यांच्या हातात दिली.

"गुलाब," त्या म्हणाल्या. "पण तोडून चार दिस झालेला."

दुसरी पट्टी मोगऱ्याची होती. त्यांनी ती नाकाजवळ आणली, लांब नेली, पुन्हा आणली. "कालचा मोगरा. कडेनं करपलेला."

त्या मिश्रणात एक जिन्नस दोन थेंब जास्त पडला होता, आणि तो कोणता हे शोधायला मला तीन दिवस लागले होते.

मग मी त्यांना दोन मोगरे दिले, एक व्हॅनिलाशिवाय, एक व्हॅनिला घालून.

"हा देवळाच्या पायरीवर तुडवलेला. आन् हा पोरीच्या वेणीतला. ह्यात काय घातलंय?"

"तीच पावडर."

त्यांनी दोन्ही पट्ट्या पुन्हा एकदा आळीपाळीने हुंगल्या. मला वाटलं, झालं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे पावडरला केकचा वास येतो."

"हो."

"आन् केकला बी केकचा वास येतो."

"हो."

"मग सुनेच्या अंगाला येतो तो पावडरचा का केकचा, हे कसं कळायचं?"

पावडरला वास येतो म्हणून सुनेने केक खाल्ला नाही, असं काही सिद्ध होत नव्हतं. एमएस्सीच्या तोंडी परीक्षेला मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मी सांगते," साळूबाई म्हणाल्या. "येत्या सोमवारी तिला त्या पावडरला हात लावू देऊ नका. बाकी सगळं रोजच्यासारखं. वेळेवर सुटू द्या, तिची ती घरी येऊ द्या. रात्री मी बघते. वास नाय आला तर तुमचं खरं, नोकरी चालू. आला तर तो केकचा. मग नोकरी बंद. कबूल?"

इतकी स्वच्छ चाचणी समोरून चालत आल्यावर कुठलीही केमिस्ट दुसरं काय म्हणणार? मी म्हटलं, "कबूल."

त्या पाटी उचलून गेल्या. जेवणाच्या सुट्टीत सुवर्णाने डबा उघडला नाही.

"मॅडम, तुम्ही हो का म्हणालात?"

"अगं, जे खरं आहे तेच सिद्ध होईल ना."

"तेच तर," सुवर्णा म्हणाली.

मी माझा डबा बंद केला आणि तिने सगळं सांगितलं.

श्रावणी सोमवारी साळूबाई कपालेश्वराच्या पायऱ्यांपाशी बेल आणि फुलं विकायला बसत, ते अंधार पडेपर्यंत. सासरे सावळीराम त्यांच्यासोबत. घरी दोन खोल्या आणि सहा माणसं. सुवर्णाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि नवऱ्याशी सलग दहा मिनिटं बोलायची सोय फक्त सोमवारी संध्याकाळी होती. पाच वाजता समाधान आपली एम-एटी स्कूटर घेऊन चौकात उभा राहायचा. तिथून दोघं कॉलेज रोडच्या एका बेकरीत जायचे. एकेक पेस्ट्री, अर्धा तास गप्पा, आणि मग घरी.

"एगलेस असते, मॅडम. मी दर वेळी विचारून घेते."

"आणि उपास?"

"उपास संध्याकाळी सोडतातच की. आम्ही थोडा आधी सोडतो."

"थोडा म्हणजे?"

"दीड तास."

ती खाली बघून पुढे म्हणाली, "खरं तर मला अननसाची आवडते. पण अननस आपण गुरुवारी करतो ना. सोमवारी घरी अननसाचा वास कसा नेणार? म्हणून व्हॅनिलाचीच खाते."

हे तिने कारखान्याचं वेळापत्रक बघून ठरवलं होतं. मला तिचा राग यायला हवा होता. पण तिने वेळापत्रक बरोबर वाचलं होतं, आणि तेवढं आमच्या पॅकिंग विभागालाही जमत नसे.

"बरं," मी म्हटलं. "या सोमवारी जाऊ नका. खाऊ नका. इतकं सोपं आहे."

"ते कळतं हो. पण वास?"

तिने वेणीचं टोक माझ्यापुढे धरलं. मी वास घेतला, आणि मग आमची अडचण मला नीट कळली. कागदावर व्हॅनिलिन आठवडे टिकतं. केसांत, पर्सच्या अस्तरात, मंगळसूत्राच्या दोऱ्यात ते महिनोन्‌महिने साचलं होतं. सोमवारी तिने पावडरला बोटही लावलं नाही तरी वास येणारच. आणि नाक साळूबाईंचं. म्हणजे इतके सोमवार केक खाऊन ती सुटली होती, आणि न खाल्लेल्या सोमवारी पकडली जाणार होती.

पुढचे तीन दिवस मी तिला पावडरपासून दूर ठेवलं. तिने शिकेकाईने दोनदा केस धुतले, पर्स उन्हात टाकली, मंगळसूत्राचा दोरा बदलला. शनिवारी मी गेटबाहेर उभी राहून, नाक ताजं करून, परत तिचा वास घेतला. कमी झाला होता. गेला नव्हता.

सुवर्णाचा वास घालवता येत नव्हता. मग राहिलं साळूबाईंचं नाक.

गिरणीवाल्याला पिठाचा वास येत नाही. नाकाची ही खोड आहे. एकच वास सतत घेतला की अर्ध्या तासात ते त्या वासाची खबर देणं बंद करतं. बाकीचे वास नीट येतात, फक्त तो एक येत नाही. म्हणूनच तर मला वास घ्यायला गेटबाहेर जावं लागे.

मी सुवर्णाकडून निरोप पाठवला, "मॅडम म्हणतात, आमच्यावर विश्वास ठेवू नका. सोमवारी स्वतः येऊन बसा आणि ती पावडरला हात लावते का ते बघा."

साळूबाईंना निरोप आवडला. सोमवारी सकाळी साडेनऊलाच त्या आल्या. सावळीरामांना बेलाच्या पानांपाशी बसवून आल्या होत्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. खुर्चीच्या एका बाजूला काचेतून सुवर्णा दिसत होती. दुसऱ्या बाजूला, चार फुटांवर, आमची कामगार भागीबाई व्हॅनिलिनचा नवा ड्रम उघडून चाळत होती. मी खोटं काही बोलले नाही. "इथून सुवर्णा स्पष्ट दिसते," एवढंच म्हटलं, आणि ती दिसत होतीच.

"लय वास हाय," साळूबाई म्हणाल्या.

"कारखानाच वासाचा आहे, मावशी."

दिवसभर त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. सुवर्णा लिंबाचं तेल मोजत होती, त्या तिच्या हातांकडे बघत होत्या. भागीबाई शिंकली की पांढरा धुरळा उठून सावकाश साळूबाईंच्या लुगड्यावर बसे. दुपारी कुंदनशेठ आले. कामगाराची सासू आली आहे आणि भांडत नाही, एवढ्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला आणि नव्या चंदनाची पट्टी त्यांच्या पुढे धरली.

"काय वाटतं, आजी?"

"चंदन कुठं हाय ह्यात? पेन्सिल हाय."

कुंदनशेठनी माझ्याकडे बघितलं. त्यात देवदाराचं तेल जास्त झालं होतं, आणि पेन्सिली देवदाराच्याच असतात. "इथे नोकरी करता का?" त्यांनी विचारलं.

"फुलं तुम्ही विकाल का मग?"

साडेचारला त्या उठल्या. त्यांना कपालेश्वर गाठायचं होतं. दारात थांबून त्यांनी हवेत नाक फिरवलं. "सकाळी लय वास मारत होता तुमच्या हितं. आता नाय."

"खिडकी उघडी आहे," मी म्हटलं. खिडकी सकाळपासून उघडी होती.

त्या गेल्यावर भागीबाई चाळणी खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, म्हातारी अख्खी केक झाली."

मंगळवारी सुवर्णा हसतच आली. रात्री साळूबाईंनी तिला कंदिलासारखं इकडून तिकडे फिरवून वास घेतला होता. केस, हात, पदर. खोबरेल निघालं, शिकेकाई निघाली, बसचं डिझेलही निघालं. केक निघाला नाही. "जा," त्या म्हणाल्या होत्या, "भाकरी टाक."

"मग तुम्ही केक नाही ना खाल्ला?" मी विचारलं.

"शपथ, मॅडम. मी बसनेच घरी गेले. हे म्हणाले, तू नाही तर मीपण नाही."

मला बरं वाटलं. चाचणीत थोडी लबाडी होती, पण निकाल तरी खरा होता. अकराच्या सुमाराला वॉचमन आला आणि म्हणाला, "केकवाल्या मावशी परत आल्यात."

या वेळी साळूबाई स्टूलवर बसल्या नाहीत.

"काल मी देवळापाशी बसले," त्यांनी सुरुवात केली, "तर शेजारची नवसाबाई म्हणती, साळूबाई, उपासाला केक? मी म्हटलं, तुझ्या नाकात काय गेलंय. मग पलीकडची तेच म्हणती. मग एका गिऱ्हाइकाची चिमुरडी माझ्या पदराला नाक लावून उभी ऱ्हायली, हलंना. तिची आई म्हणती, आजी, कुठल्या बेकरीतून आणला? तीस वर्षं बसते तिथं. एवढी शोभा कधी झाली नव्हती."

मी टेबलावरच्या पट्ट्या गोळा करायला लागले.

"मला तर वास येईना. पदर हुंगला, हात हुंगले. झेंडू येतो, बेल येतो, केक नाय. घरी आले, हिला हुंगलं. नाय. झोपले. पहाटे अंघोळ केली, लुगडं दोरीवर टाकलं आन् फुलं तोडायला गेले. परत आले तर अंगणातच वास! माझ्याच लुगड्याचा." त्या माझ्याजवळ आल्या. "ज्या नाकाला माझा वास आला नाय, त्याला हिचा कसा यील, बाई? सांगा."

"येणार नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"म्हणून खुर्ची तिथं मांडली."

"हो."

"शिकल्यात भरपूर," साळूबाई म्हणाल्या. त्यात कौतुक किती आणि शिवी किती, ते मला वेगळं करता आलं नाही. काचेपलीकडे सुवर्णाने तराजू बंद केला होता.

"मग म्हटलं, आता नाक ताजं हाय तर परत बघू. हिची कालची साडी घेतली. नीट हुंगली. पावडर. निव्वळ पावडर. तेवढं तुमचं खरं." सुवर्णाने सोडलेला श्वास मला दिसला. "मग धुवायला पोराचा शर्ट उचलला."

त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि टेबलावर एक चुरगळलेला कागदी रुमाल ठेवला. कोपऱ्यात बेकरीचं नाव छापलेलं होतं. मी सवयीने तो उचलून नाकाशी नेला.

"ह्याला लोणी हाय," साळूबाई माझ्याआधी म्हणाल्या. "तुमच्या पावडरला लोणी नाय. आन् माझं पोरगं तुमच्याकडं कामाला नाय."

ते बरोबर होतं. व्हॅनिला, त्यामागे लोणी, त्यामागे पिठीसाखर. इतके दिवस घरात सगळ्यांनी सुनेचाच वास घेतला होता. मुलाचा कुणीच घेतला नव्हता, मीसुद्धा नाही.

"धरलं त्याला," साळूबाई म्हणाल्या. "म्हणतो, एकटाच गेलो होतो, सोमवारची सवय लागली. दोन खाल्ले म्हणतो."

"दोन?" सुवर्णा काचेचं दार उघडून बाहेर आली. "माझापण खाल्ला? मला म्हणाले, तू नाही तर मीपण—"

ती थांबली. भागीबाईने चाळणी चाळायला घेतली, तिच्यात पावडर नव्हती तरी.

"चांगलं हाय," साळूबाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी रुमालाची घडी घालून तो बटव्यात ठेवला. "आता ऐका. सोमवारी सुटल्यावर दोघांनी सरळ कपालेश्वराला यायचं. मी आन् म्हातारा पाय आखडेपतोर बसतो तिथं, आन् तुम्ही दिवस मावळायच्या आधीच उपास सोडता. हार करायचे, बेल विकायचा, मग सगळ्यांनी मिळून घरी जायचं. सोमवार देवाचा."

"हो, आत्याबाई," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"बाकी सहा वारांचं मला सांगत बसू नका. मी विचारणार नाय."

सुवर्णाने माझ्याकडे बघितलं. मी साळूबाईंकडे बघितलं. "आणि नोकरी?" मी विचारलं.

"नोकरीनं काय केलंय? नोकरी सुटली तर पाच वाजता हिला आणायला जायचं निमित्त सुटंल. त्या निमित्तानं तर माझं पोरगं अंघोळ करतंय." त्यांनी पाटी काखेत घेतली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आन् तुम्ही, बाई. परत चाचणी घ्याल तर खुर्ची मी मांडीन."

सुवर्णा परत तराजूवर जाऊन बसली. तिने दोन मोठी मिश्रणं मोजून पूर्ण केली आणि वहीत सह्या केल्या. पाचला दहा मिनिटं असताना चौकातून एम-एटीचा हॉर्न वाजला. एकदा, मग थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा, भीत भीत.

"मॅडम, जाऊ का? आज मंगळवार आहे."

"आज भांडायला चाललीस की पेस्ट्री खायला?"

"आधी भांडायला." तिने ॲप्रन खुंटीला लावला.

"हात धुऊन जा," मी म्हटलं. "पावडर आहे हाताला."

"राहू दे," सुवर्णा म्हणाली. "आता कोण विचारतंय?"